रिसेप्शनसाठी फोटो बूथ ठरवायचा आहे : कोणता घ्यावा, कुठे मांडावा, काय विचारून घ्यावं?

मृद्गंध

नमस्कार मंडळी. तुळशीची लग्नं उरकली की लगेचच्या मुहूर्तावर धाकट्या बहिणीचं लग्न आहे. सकाळी लग्न घरच्या माणसांत, आणि संध्याकाळी ७ ते १० रिसेप्शन, म्हात्रे पूल ते राजाराम पूल या डीपी रस्त्यावरच्या एका लॉनवर. माणसं साधारण ४५०.

बहिणीला फोटो बूथ हवा आहे. बाबा म्हणतात, दोन फोटोग्राफर आणि एक व्हिडिओवाला आहेत, आता आणखी हे कशाला? मी बहिणीच्या बाजूने आहे आणि माझं कारण पाहुण्यांचं आहे. आपल्याकडे रिसेप्शनला आलेला माणूस रांगेत उभा राहतो, स्टेजवर जातो, पाकीट देतो, "इकडे बघा" ऐकतो आणि दुसऱ्या बाजूने उतरतो. तो फोटो आमच्या अल्बममध्ये जातो, त्याला तो कधी दिसतही नाही. सांगलीहून, बार्शीहून मुद्दाम गाडी करून आलेल्या माणसाच्या हातात परत जाताना स्वतःचा एक चांगला छापील फोटो असावा, एवढंच मला वाटतं.

तीन ठिकाणांहून दर मागवले. एकाने साधा बूथ सांगितला, एकाने आरशाचा, एकाने ३६० वाला. तिघेही "अनलिमिटेड" म्हणतात. यात नेमकं काय बघायचं असतं? ज्यांनी लावला आहे किंवा जे या धंद्यात आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

शटरबंद

लग्नाचे फोटो काढणं हाच माझा व्यवसाय, त्यामुळे बूथ शेजारी उभा असलेले बरेच समारंभ बघितले आहेत.

साधा बूथ म्हणजे उभ्या पेटीत कॅमेरा, समोर स्क्रीन, दिवा, मागे पडदा आणि बाजूला प्रिंटर. बटण दाबलं की उलटी मोजणी, तीन किंवा चार फोटो, आणि कागद बाहेर. आरशाच्या बूथमध्ये हेच सगळं माणसाएवढ्या आरशामागे असतं. त्यात पाहुणा स्वतःला डोक्यापासून पायापर्यंत बघतो, बायकांना साडी-दागिने नीट करता येतात, म्हणून तो आवडतो. ३६० मध्ये तुम्ही चौथऱ्यावर उभे राहता आणि मोबाईल किंवा कॅमेरा लावलेला दांडा भोवती फिरतो. त्यातून स्लो मोशनचा व्हिडिओ निघतो, छापील काही मिळत नाही. क्यूआर स्कॅन करायचा किंवा नंबर द्यायचा, मग तो फोनवर येतो.

तुम्हाला पाहुण्याच्या हातात कागद द्यायचा आहे ना? मग ३६० चा विचार इथेच थांबवा. उरलेल्या दोनांत चित्राचा दर्जा सारखाच असू शकतो. आत कॅमेरा कोणता आणि दिवा कसा, ते विचारा. नुसता टॅब्लेटचा कॅमेरा असेल तर लॉनवरच्या रात्रीच्या उजेडात चेहरे मातकट येतात. डीएसएलआर किंवा मिररलेस, म्हणजे फोटोग्राफर वापरतात तसा मोठा कॅमेरा, आणि वर फ्लॅश किंवा मोठा सॉफ्टबॉक्स (कापडाच्या पेटीतून मऊ उजेड देणारा दिवा) हवा. नुसत्या गोल रिंग लाइटची वर्तुळं चष्म्यात दिसतात, आणि आपल्या पाहुण्यांत अर्धे चष्मेवाले असतात.

मागचा पडदा चकचकीत टिकल्यांचा नको. जरीच्या पदरावर आधीच फ्लॅश उसळतो, त्यात मागेही चमक आली की माणूस हरवतो. गडद, मॅट कापड किंवा साध्या पानाफुलांची भिंत उत्तम.

गव्हाचीखीर

३६० बद्दल +१००. पुतण्याच्या रिसेप्शनला होता. चौथरा जेमतेम वीतभर उंच, पण नऊवारीत आणि टाचेच्या चपलांत त्यावर चढणं-उतरणं म्हणजे दर वेळी कुणाचा तरी हात धरणं आलं. एका वहिनींचा पदर फिरणाऱ्या दांड्यात अडकला. तिथल्या मुलाने लगेच बंद केलं म्हणून निभावलं. शिवाय दांडा फिरायला चारही बाजूंनी मोकळी जागा लागते, धरून चाला साधारण १० बाय १० फूट, आणि पोरं मध्ये धावत येऊ नयेत म्हणून दोरी किंवा खांब. वर त्याचं स्वतःचं दणदणीत गाणं असतं. आमच्याकडे स्टेजशेजारी बासरीवादन ठेवलं होतं, ते कुणालाच ऐकू आलं नाही.

आणखी एक, जे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. "मागे हवा तो देखावा टाकून देतो, शनिवारवाडा, आयफेल टॉवर" असं म्हणत असतील तर ते हिरव्या पडद्यावर करतात. संगणक हिरवा रंग काढून त्या जागी चित्र घालतो. नवरीच्या हातात हिरवा चुडा! फोटोत मनगटावर बांगड्यांच्या जागी शनिवारवाड्याच्या भिंती येतात. हिरवा शालू, हिरवे काठ, सगळ्यांचं तेच. आपल्या लग्नात हिरवा पडदा चालत नाही, सरळ नाही म्हणा.

नळस्टॉप

थोडा इतिहास, कारण तो इथे लागू पडतो. नाणं टाकून आपोआप फोटो देणारं यंत्र अनातोल जोसेफो या सायबेरियातून आलेल्या माणसाने १९२५ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर मांडलं. नाव फोटोमॅटन. २५ सेंटमध्ये ८ फोटोंची पट्टी, साधारण ८ मिनिटांत. लोकांच्या रांगा लागल्या आणि १९२७ मध्ये त्याचे हक्क १० लाख डॉलरला विकले गेले. स्टुडिओत जाऊन फोटो काढणं ज्यांना परवडत नव्हतं, त्यांना ते परवडलं. पडद्याआड कॅमेऱ्यामागे कुणी माणूस नसल्यामुळे लोक मोकळे झाले, हे मला त्यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं. आजही बूथमध्ये माणसं स्टेजवरच्यापेक्षा खरी हसतात ती म्हणूनच.

म्हणून ताई, बूथभोवती तीन बाजूंनी थोडा आडोसा ठेवा. लॉनच्या मधोमध उघड्यावर, दोनशे माणसांच्या नजरेसमोर मांडला तर मोठी माणसं तिकडे फिरकणारही नाहीत.

पानशेतकर

मी बूथ चालवतो. माझी जाहिरात इथे करत नाही, विपूत (खाजगी निरोपात) दरही विचारू नका, पण ताईंचा प्रश्न मनापासूनचा आहे म्हणून आतल्या गोष्टी लिहितो.

पहिला प्रश्न प्रिंटरचा. घरचा शाईचा प्रिंटर आणला असेल तर फोटो ओला निघतो आणि जेवून आलेल्या हाताचा डाग त्यावर पडतो. बूथला डाय-सब्लिमेशन प्रिंटर लागतो. त्यात पिवळा, किरमिजी आणि निळा अशा रंगांची रिबन तापवून रंग कागदात उतरवतात आणि शेवटी वर पारदर्शक थर चढवतात. कागद चार वेळा आतबाहेर होतो आणि कोरडा बाहेर येतो. डीएनपी कंपनीचा आरएक्स१एचएस हा बूथवाल्यांच्या वापरातला प्रिंटर ४ बाय ६ इंचांचा फोटो साधारण १२ सेकंदांत देतो आणि एका रोलवर असे ७०० निघतात. त्याच कागदाची मधोमध कापून २ बाय ६ च्या दोन पट्ट्या करता येतात. आता "अनलिमिटेड" म्हणजे काय ते कळेल. वरचा रोल संपल्यावर दुसरा रोल गाडीत आहे का, एवढं विचारा. अर्धा संपलेला रोल लावून येणारे आहेत.

काही जण लहान घरगुती प्रिंटर आणतात. कॅनन सेल्फीसारख्याचा फोटो सुंदर येतो, पण एकाला ४० सेकंदांच्या वर लागतात आणि ट्रेमध्ये एका वेळी १८ कागद बसतात. ५० माणसांच्या बारशाला छान, ४५० माणसांना रांग हलणार नाही.

दुसरा प्रश्न वेळेचा. एक कुटुंब येतं, फेटे घालतं, उभं राहतं, फोटो होतात, कागद घेतं आणि निघतं. दीड मिनिट धरा. तासाला ४० गट, तीन तासांत १२०. तुमची माणसं ४५०, गटात सरासरी चार धरली तर ११२ गट. म्हणजे एका बूथमध्ये बसतंय, पण पूर्ण तीन तास घेतले तरच. दोन तासांचं पॅकेज स्वस्त म्हणून घेऊ नका.

तिसरा प्रश्न माणसांचा. मशीन कुठलंही असो, चालवणारा मुलगा बोलका आणि आदबशीर नसेल तर सगळं वाया. दोन माणसं हवीत, एक यंत्रावर आणि एक पाहुण्यांना बोलावून उभं करणारा. "या काकू, काकांनाही बोलवा, इथे बसा" असं मराठीत सांगणारा. आधी भेटायला बोलवाल तेव्हा मालकापेक्षा त्या दिवशी येणाऱ्या मुलाशी बोला.

आजोळ

वरचं शेवटचं वाचून बरं वाटलं. मी सत्तरीची आहे, माझी बाजू मांडते.

आमच्या पिढीत नवरा-बायकोचे दोघांचेच असे फोटो फार विरळा. लग्नातला एक असतो, त्यानंतरचे सगळे मुलांबरोबर, नातवंडांबरोबर, कुणाच्या तरी मुंजीच्या घोळक्यात. भाचीच्या रिसेप्शनला असा बूथ होता. तिथल्या मुलीने आम्हां दोघांना आग्रहाने आत नेलं, खुर्ची दिली, यांच्या डोक्यावर पगडी ठेवली. हे कधी नव्हे ते मोकळे हसले. ती पट्टी मी देवघराच्या फळीवर ठेवली आहे. हे गेल्या वर्षी गेले. त्यांचा तसा हसतानाचा दुसरा फोटो आमच्याकडे नाही.

म्हणून मृद्गंध, तुला तीन गोष्टी सांगते. बूथमध्ये हातांची टेकण असलेली घट्ट खुर्ची ठेव, प्लास्टिकची नको. पायरी ठेवू नकोस. आणि बूथ सात वाजता सुरू झालाच पाहिजे. म्हातारी माणसं साडेसातला येतात, लवकर जेवतात आणि थंडी वाढायच्या आत निघतात. तरुण मंडळी जमल्यावर नऊला सुरू केलात तर ज्यांच्यासाठी तो खरा उपयोगाचा, ती घरी पोचलेली असतील.

मृद्गंध

आजोळकाकू, तुमचा प्रतिसाद बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत, पण नंतर आईला विचारत होते की आपण दोघं कधी जायचं बूथमध्ये, आधी की जेवण झाल्यावर. तेव्हा बूथ नक्की झाला. ३६० रद्द, हिरवा पडदा रद्द.

आता जागा. लॉनचा नकाशा असा: फाटकातून आत आलं की डावीकडे स्टेज, समोर बसायच्या खुर्च्या, उजवीकडे मागे बुफे. शटरबंद, तुम्ही कुठे मांडाल?

शटरबंद

स्टेजजवळ अजिबात नको. भेटायची रांग आणि बूथची रांग एकमेकींत मिसळतात, आणि मग माझ्यासारख्याला दोन्हींकडच्या फ्लॅशमुळे काम करता येत नाही. बुफेच्या तोंडाशीही नको, ताटं घेतलेली माणसं आणि वायरी यांचं जमत नाही. स्टेजवरून उतरून जेवणाकडे जाण्याच्या वाटेवर, कडेला. माणूस तेव्हा भेटून मोकळा झालेला असतो, हात रिकामे असतात, साडी-केस जागेवर असतात.

कॅमेऱ्यापासून माणसांपर्यंत निदान ६ फूट सोडा, नाहीतर पाच जणांच्या कुटुंबातले कडेचे दोघे अर्धेच येतील.

पानशेतकर

लॉनचं वेगळं गणित असतं, ते घाईत विसरलं जातं. कार्तिकात पुण्यात रात्री दव पडतं. कागद आणि रिबन दोन्हींना ओल चालत नाही. बूथच्या डोक्यावर मांडवाचं कापड हवंच, आणि खाली गवतावर प्लायवूड, म्हणजे यंत्र डुगडुगत नाही. दिव्यावर किडे येतात, म्हणून बूथचा दिवा झाडाखाली नको.

वीज: बूथसाठी वेगळी लाइन मागा. केटररचे गरम ठेवायचे डबे आणि कॉफीचं मशीन त्याच बोर्डावर असेल तर फ्यूज उडतो तो नेमका गर्दीच्या वेळी. वीज जाऊन जनरेटर सुरू होईपर्यंतच्या क्षणात प्रिंटरमधला कागद वाया जातो आणि संगणक बंद पडतो. आम्ही यूपीएस लावतो. तुमचा बूथवाला लावतो का, विचारा.

आणि आधी लॉनच्या मॅनेजरला विचारा की बाहेरचा बूथ आणलेला चालतो का. बऱ्याच ठिकाणी डेकोरेटर ठरलेला असतो आणि बाहेरच्या माणसाकडून रॉयल्टी, म्हणजे आत काम करू देण्याचे पैसे, घेतात. ती बूथवाल्याने भरायची की तुम्ही, हे आधी ठरलं नाही तर त्या संध्याकाळी फाटकावर वाद होतो, आणि तो सोडवायला नवरीच्या वडिलांना बोलावतात. तुमच्या बाबांवर ती वेळ येऊ देऊ नका.

कात्रजघाट

सगळे प्रिंटरबद्दल बोलताहेत, मी फोटो नंतर कुठे जातात त्याबद्दल बोलतो. बूथवाल्याच्या लॅपटॉपवर तुमच्या ४५० पाहुण्यांचे चेहरे असतात. व्हॉट्सॲपवर पाठवायला नंबर घेतला असेल तर तोही. लहान मुलं असतात. दुसऱ्या दिवशी हे फोटो त्याच्या इन्स्टाग्रामवर जाहिरात म्हणून टाकलेले मी पाहिले आहेत, कुणालाही न विचारता. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संसदेने केला आहे आणि त्याचा पाया संमती हाच आहे. पण कायद्यापर्यंत जायची गरज पडू नये. करारात एक ओळ लिहून घ्या: आमच्या लेखी परवानगीशिवाय एकही फोटो कुठेही टाकायचा नाही, सगळ्या फाइली पूर्ण आकारात अमुक दिवसांत द्यायच्या आणि त्यानंतर स्वतःकडच्या पुसून टाकायच्या. क्यूआरची गॅलरी उघडी असेल तर ज्याच्याकडे लिंक गेली त्याला सगळ्यांचे फोटो दिसतात, तेव्हा तिला पासवर्ड लावायला सांगा.

पानशेतकर

कात्रजघाट यांचं म्हणणं शंभर टक्के मान्य. त्यात भर: वापरलेल्या रिबनवर प्रत्येक फोटोची उलट छाप राहते, उजेडात धरली की चेहरे ओळखू येतात. आम्ही ती कापून टाकतो. ती कचऱ्यात अख्खी टाकू नये, एवढं सांगून ठेवा.

पैशांचं: दर मोसमागणिक आणि मुहूर्तागणिक हलतात, म्हणून आकडा लिहीत नाही. पण जो आकडा सांगतील त्यात जीएसटी धरलाय का, ते विचारा. फोटोग्राफीच्या सेवेवर १८ टक्के लागतो, म्हणजे २०,००० म्हटले की वर ३,६०० येतात. नोंदणी नसलेला लहान धंदेवाला तो लावू शकत नाही, आणि नोंदणी असलेल्याने पक्कं बिल दिलंच पाहिजे. वाढीव तासाचा दर, मांडणीसाठी आधी येऊन रिकामं बसण्याचे पैसे, वाहतूक, हे सगळं कागदावर घ्या. सातला सुरू करायचा तर पाचला मांडणी हवी. आणि त्या दोन पोरांच्या जेवणाचं केटररला सांगून ठेवा, ती दुपारपासून राबत असतात.

गव्हाचीखीर

सामानाचं माझ्याकडून. मोठे रंगीत चष्मे आणि मिश्या सगळीकडे असतात, पण मोठ्या माणसांना ते घालायचा संकोच वाटतो. आमच्याकडे सगळ्यांत जास्त हातांत फिरल्या त्या दोन बांधून शिवलेले फेटे, एक पुणेरी पगडी, चिमट्याची नथ आणि मराठीत लिहिलेल्या पाट्या. तुळशीबाग आणि बोहरी आळीत एका फेरीत सगळं मिळतं. पाट्यांवर घरातलं लिहा. "नवरीची मावशी", "नवऱ्याचे शाळूसोबती", "आम्ही बार्शीहून आलो". लोक आपली पाटी शोधतात आणि त्यातून ओळखी होतात. एकच फेटा शंभर डोक्यांवर जातो, म्हणून आत घालायला कागदी टोप्या ठेवल्या होत्या, तेवढं करा.

शटरबंद

पट्टीवरच्या मजकुराकडे लक्ष द्या, हे अनेकांचं निसटतं. नावं मराठीत हवी असतील तर बूथच्या सॉफ्टवेअरमध्ये थेट टाइप करून घेऊ नका. पुष्कळदा जोडाक्षरं फुटतात, वेलांटी भलत्याच अक्षराला लागते. पत्रिकेवाल्याने श्रीलिपी या फॉन्टच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली तर अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं येतात. नावांचं, तारखेचं आणि गणपतीचं मिळून एक चित्रच करून द्या, आणि निदान आठवडाभर आधी त्याच प्रिंटरवर काढलेला नमुना कागद हातात घ्या. स्क्रीनवरचा मरून आणि कागदावरचा मरून वेगळा असतो. मजकूर थोडा ठेवा, दोन्ही नावं आणि तारीख पुरे. त्या पट्टीवर जागा पाहुण्यांच्या चेहऱ्यांची आहे.

नळस्टॉप

शटरबंद यांच्याशी सहमत, फक्त गावाचं नाव जरूर घाला. "पुणे" आणि तारीख. वीस वर्षांनी कुणाच्या तरी कपाटात ती पट्टी सापडेल तेव्हा कुठलं कार्य होतं हे विचारायला माणूस नसेल.

मृद्गंध

सगळ्यांचे मनापासून आभार. काय ठरलं ते लिहिते, पुढे कुणाला उपयोग होईल म्हणून.

आरशाचा बूथ, डाय-सब्लिमेशन प्रिंटर, तीन तास, दोन माणसं. त्यांतली एक मुलगी आहे, तिला भेटले, गोड बोलते आणि सोलापूरची असल्यामुळे बार्शीच्या मंडळींशी तिचं लगेच जमेल. मॅनेजरने रॉयल्टी सांगितली, ती बूथवाला भरणार असं त्याच्याकडून लिहून घेतलं. वेगळी लाइन मिळणार आहे. फोटो कुठेही न टाकण्याची ओळ घातली. आधी तो "सगळेच टाकतात" म्हणाला, मग तयार झाला. तयार झाला नसता तर मी दुसरा बघितला असता. खुर्ची आमच्या घरची सागवानी नेणार आहोत.

प्रत्येक गटाला दोन पट्ट्या निघणार. एक त्यांना, एक आमच्या वहीत चिकटवून शेजारी दोन ओळी लिहून घ्यायच्या. शेवटचा प्रश्न: पट्टी गुळगुळीत असते, त्यावर कुणाला सही करायची झाली तर कुठलं पेन चालेल? आणि वही कशी घ्यावी?

पानशेतकर

वरच्या पारदर्शक थरावर बॉलपेन घसरतं आणि जेलपेनची शाई पुसली जाते. सीडीवर लिहायचा बारीक टोकाचा पर्मनंट मार्कर घ्या, चार-पाच घ्या, कारण पाहुणे ते खिशात टाकून नेतात. लिहिल्यावर दहा-वीस सेकंद बोट लावू देऊ नका.

वहीची पानं जाड हवीत. अप्पा बळवंत चौकात काळ्या पानांच्या स्क्रॅपबुक मिळतात, त्यावर पांढरं किंवा सोनेरी पेन उठून दिसतं. ओला डिंक नको, पान फुगतं. दुहेरी चिकटपट्टीचे तुकडे आधीच कापून ठेवा. १२० पट्ट्या, पानावर दोन धरल्या तर ६० पानं, म्हणजे ३० कागदांची वही पुरेल. तीही मोठ्या आकाराची, कारण लिहायला जागा लागते. वहीजवळ एक जबाबदार भाचा किंवा पुतणी बसवा, रात्री दहाला ती वही त्याच्याच हातून तुमच्या गाडीत जाऊ दे.

आजोळ

आणि वहीचं टेबल बसून लिहिता येईल एवढ्या उंचीचं ठेव, वर चांगला दिवा लाव. आम्हांला दोन ओळी लिहायला वेळ लागतो, पण लिहायचं असतं.